घरच्या संगणकाला हार्ड डिस्क कोणती जोडावी?

गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवातील गोष्ट. आरती झाली होती, प्रसादाची पाने मांडली जात होती, आणि मुले सभागृहाच्या दाराशी अजून झाकरीच्या तालावर पाय आपटीत होती. त्या गडबडीत आपल्या मंडळींपैकी एक वयोवृद्ध गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले. त्यांच्या हातात एक कागद होता. मॉरिशसमध्ये मोका येथील महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांची जी दप्तरे जतन केलेली आहेत, त्यांतून त्यांनी आपल्या खापरपणजोबांच्या नोंदीचा उतारा मिळविला होता. नाव, बापाचे नाव, वय, गाव, जहाज आणि एक क्रमांक. एका माणसाचे सारे पूर्वायुष्य एवढ्या चार ओळींत मावले होते.

"बाई," ते म्हणाले, "हा कागद आणि घरचे सगळे जुने फोटो मी संगणकात घातले. आता मुलगा म्हणतो, डिस्क जुनी झाली, नवी घ्या. दुकानात गेलो, तर तो पोरगा मलाच विचारतो, साटा हवी की एन्.व्ही.एम्.ई.? मी काय सांगणार? तुम्ही शाळेत शिकवता. तुम्हीच सांगा, कोणती घेऊ?"

मी म्हटले, "काका, हे उभ्या उभ्या सांगण्यासारखे नाही. तसे सांगितले तर दुकानदारापेक्षा मीच तुमचा अधिक गोंधळ करीन. सवडीने लिहून देते."

ते लिहिणे आज या स्मरणिकेच्या निमित्ताने होत आहे. प्रश्न काकांचा असला तरी तो त्यांच्या एकट्याचा नाही. वेरिबीत आणि आसपासच्या वस्त्यांत राहणाऱ्या आपल्या कितीतरी घरांतून सध्या जुने कागद, छायाचित्रे आणि ध्वनिफिती संगणकात उतरविण्याचे काम चालू आहे. ज्या पेटीत आपण हे सारे ठेवणार, ती पेटी पारखून घेणे आपले कर्तव्य आहे.

मी संगणकशास्त्रातील पंडिता नव्हे. याच देशात शिकलेली आणि येथल्याच मुलांना गणित व विज्ञान शिकविणारी मी एक शिक्षिका आहे. मराठी मी आजीच्या तोंडून ऐकली आणि पुढे पुस्तकांवरून वाढविली. परंतु या विषयात मला एकदा अशी ठेच लागली आहे की, ती सांगितल्यावाचून पुढचे लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

माझी ठेच

२००९ सालच्या डिसेंबरात मी मॉरिशसला आजीकडे गेले होते. तिच्या आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या तिला पाठ होत्या. मी एक लहानसे ध्वनिमुद्रण यंत्र तिच्यापुढे ठेवले आणि तिने चौदा ओव्या म्हटल्या. मधूनमधून ती थांबे, हसे, "हे चुकलं गं, परत म्हणते," असे म्हणे. तेही सारे मुद्रित झाले. परत आल्यावर मी ते माझ्या टेबलावरील संगणकाच्या डिस्कवर उतरविले आणि यंत्रात जागा हवी म्हणून तेथले पुसून टाकले. त्यांपैकी तीन ओव्या माझ्या मामेबहिणीला आवडल्या होत्या, म्हणून त्या तेवढ्या एका चकतीवर घालून तिला पाठविल्या.

पुढच्याच वर्षी आजी गेली. २०१३ च्या उन्हाळ्यात एका दुपारी माझ्या संगणकातून टिक् टिक् असा बारीक आवाज येऊ लागला. संध्याकाळपर्यंत डिस्क मिटली ती मिटलीच. एका दुरुस्ती करणाऱ्याकडे नेली. आतील वाचणारी टोके पृष्ठभागावर घासली आहेत, आता काही निघणार नाही, असे त्याने सांगितले. अकरा ओव्या गेल्या. तीन राहिल्या, त्याही मी शहाणी होते म्हणून नव्हे, तर बहिणीने मागितल्या होत्या म्हणून.

ती डिस्क विकत घेताना मी तिचा वेग विचारला होता, किंमत विचारली होती. ती मेली तर काय, हे विचारले नव्हते. प्रस्तुत लेखाचा सारा आशय या एका वाक्यात आहे. आता क्रमाने पाहू.

डिस्क म्हणजे काय?

वेरिबीहून शहराकडे जाणाऱ्या लोहमार्गावर स्पॉट्सवुड हे स्थानक लागते. तेथील सायन्सवर्क्स या संग्रहालयात सीसिरॅक नावाचा जुना संगणक जतन करून ठेवला आहे. त्याने आपले पहिले काम १९४९ साली केले. ऑस्ट्रेलियातील तो पहिला संगणक होय. पुढे तो मेलबर्न विद्यापीठात आला आणि १९६४ पर्यंत राबला. त्याची स्मृती पाऱ्याने भरलेल्या नळ्यांत होती. पाऱ्यातून ध्वनीचे ठोके धावत ठेवायचे, आणि ते धावत आहेत तोवर माहिती जिवंत. मुलांना घेऊन एकदा अवश्य जावे. साठवण ही केवढी अवघड गोष्ट होती, हे तेथे डोळ्यांनी दिसते.

फिरत्या हार्ड डिस्कचा जन्म १९५६ चा. आय्.बी.एम्. या कंपनीने त्या वर्षी रॅमॅक नावाचे यंत्र बाहेर काढले. त्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एका दांड्यावर बसविल्या होत्या. वजन सुमारे एक टन आणि साठवण अवघी पन्नास लाख अक्षरांची. आज आपण घरी एखादे लहान छायाचित्र चांगल्या दर्जाने उतरविले, तर तेवढे एकच चित्रदेखील त्या टनभर यंत्रात मावले नसते.

तत्त्व मात्र तेच राहिले. काचेच्या वा ॲल्युमिनियमच्या तबकडीवर चुंबकीय थर असतो. तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावर केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर एक टोक तरंगत राहून चुंबकीय खुणा लिहिते व वाचते. हे वाचणे अतिसूक्ष्म खुणांपर्यंत नेण्यास ज्या शोधाची मोठी मदत झाली, त्याबद्दल आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबेर्ग या शास्त्रज्ञांना २००७ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. घरगुती डिस्क मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कला अर्धा फेरा पुरा करण्यास चार सहस्रांश सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. हवी ती जागा टोकाखाली येईपर्यंत संगणकाला सरासरी तेवढे थांबावेच लागते. शिवाय टोक हलविण्याचा वेळ निराळा.

दुसरा प्रकार एस्.एस्.डी.चा. तिच्यात फिरणारे काहीच नसते. सिलिकनच्या सूक्ष्म कप्प्यांत विद्युत्भार कोंडून ठेवलेला असतो आणि तो आहे की नाही यावरून माहिती वाचली जाते. टोक हलविणे नाही, तबकडीची वाट पाहणे नाही. म्हणून ती फिरत्या डिस्कहून कितीतरी चपळ असते. पडली, आपटली तरी सहसा टिकते. परंतु तिच्यात दोन उणिवा आहेत. तिच्या कप्प्यांवर पुनःपुन्हा लिहिण्यास मर्यादा असते, आणि वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवली तर कोंडलेला भार हळूहळू झिरपू शकतो. घरगुती वापरात पहिली मर्यादा क्वचितच गाठली जाते. दुसरी मात्र आपल्या कामी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

जोडणीचा विचार आधी

डिस्क निवडण्याआधी आपल्या संगणकात ती बसणार कोठे, हे पाहिले पाहिजे. दुकानदार ज्याला इंटरफेस म्हणतात ती ही जोडणी. डिस्क उत्तम आणि जोडणी निराळी, तर पैसे वाया. टेबलावरील संगणकाची वीज तोडून, तारा काढून बाजूचा पत्रा उघडला, की पुढील चारांपैकी काही ना काही दृष्टीस पडेल.

पहिली, आय्.डी.ई. अथवा पाटा. हाताच्या पंजाएवढी रुंद, चपटी, फितीसारखी केबल आणि चाळीस टाचण्यांची खोबण ही तिची खूण. एका केबलीवर दोन डिस्का बसत, आणि धाकटी कोण, थोरली कोण हे एका इवल्या प्लास्टिकच्या तुकड्याने ठरवावे लागे. ही जोडणी आता कालबाह्य झाली आहे. अशी डिस्क घरात असेल तर तिच्यासाठी नवे काही विकत घेऊ नये, यू.एस्.बी.चा स्वस्त जोडतुकडा मिळतो, त्याने तिच्यातील माहिती लवकरात लवकर बाहेर काढावी.

दुसरी, साटा. ही २००३ पासून प्रचारात आली. अरुंद केबल, इंग्रजी एल् अक्षराच्या आकाराचे तोंड. माहितीची तार वेगळी, विजेची वेगळी आणि थोडी रुंद. तिच्या तीन पिढ्या झाल्या. पहिलीची कमाल गती सेकंदाला १५० मेगाबाइट, दुसरीची ३००, तिसरीची ६००. नवी डिस्क जुन्या साटाला लावली तरी चालते. फक्त वेग जुन्याचा मिळतो. फिरत्या डिस्का आणि अडीच इंची एस्.एस्.डी. या दोन्ही या एकाच जोडणीवर बसतात, हा तिचा मोठा गुण.

तिसरी, एम्-टू. मदरबोर्डवर आडवी, बोटभर लांबीची खाच असते. तीत च्युइंग गमच्या पट्टीएवढी एस्.एस्.डी. तिरकी घालून दुसऱ्या टोकाला एक स्क्रू लावतात. पट्टीवर २२८० असा आकडा असतो. त्याचा अर्थ रुंदी २२ मिलिमीटर, लांबी ८० मिलिमीटर, एवढाच. तो वेगाचा आकडा नव्हे.

आणि येथेच बहुतेक लोक फसतात. एम्-टू हे केवळ खाचेचे नाव आहे. त्या खाचेतून कोणती भाषा बोलली जाते ती निराळी गोष्ट. काही पट्ट्या साटाच बोलतात, आणि काही एन्.व्ही.एम्.ई. दोन्ही दिसावयास सारख्या. काही खाची दोन्ही समजतात, काही एकच. पट्टी खाचेत बसली म्हणजे चाललीच असे नाही. म्हणून मदरबोर्डाचा क्रमांक टिपून त्याची माहितीपुस्तिका पाहावी आणि मगच दुकानात जावे. त्याच पुस्तिकेत आणखी एक गोष्ट बघावी : काही मदरबोर्डांवर एम्-टूची खाच वापरली की साटाचे एखाददुसरे तोंड बंद पडते.

एन्.व्ही.एम्.ई.ची पहिली नियमावली २०११ ची. तिची महती थोडक्यात सांगते. माझे वडील मॉरिशसमधील साखर कारखान्याची गोष्ट सांगत. ऊस भरलेल्या गाड्या वजनकाट्यापाशी एका रांगेत उभ्या राहत. काटा एक, पुढची गाडी हलेपर्यंत मागची उभी. साटाची रीत अशीच आहे : रांग एक, आणि तीत एका वेळी जास्तीत जास्त ३२ आज्ञा. फिरत्या डिस्कसाठी ती पुरेशी होती, कारण डिस्कच सावकाश चाले. एन्.व्ही.एम्.ई.त मात्र हजारो रांगा एकाच वेळी चालविता येतात, आणि मार्गही संगणकाच्या मध्यवर्ती प्रक्रियकाजवळचा, म्हणजे पी.सी.आय्.ई.चा असतो. त्या मार्गाच्या तिसऱ्या पिढीत सेकंदाला सुमारे ३,५०० मेगाबाइट, चौथीत सुमारे ७,००० पर्यंत वेग मिळतो.

चौथी, यू.एस्.बी. ही पेटीबाहेरची जोडणी. जुन्या दुसऱ्या पिढीच्या तोंडातून प्रत्यक्षात सेकंदाला ३५–४० मेगाबाइटच जातात. तिसऱ्या पिढीचे तोंड, जे पुष्कळदा आतून निळे असते, त्यातून बाहेरची फिरती डिस्क आपल्या पूर्ण वेगाने चालू शकते. बाहेरची डिस्क घेतल्यावर ती चुकून जुन्या तोंडात खुपसली जात नाही ना, एवढे पाहावे.

वेग किती हवा, जागा किती हवी?

आकडे ऐकून मोह होतो. तेव्हा आपल्याच घरचा हिशेब मांडू.

चार बाय सहा इंचांचे छायाचित्र इंचाला ६०० बिंदू या दर्जाने, न दाबता उतरविले, तर सुमारे २६ मेगाबाइट जागा घेते. ए-फोर आकाराचा कागद त्याच दर्जाने सुमारे १०४ मेगाबाइट घेतो. चांगल्या दर्जाचे ध्वनिमुद्रण तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट. समजा एखाद्या कुटुंबापाशी दोन हजार छायाचित्रे, दोनशे कागद आणि पन्नास तासांची गाणी व बोलणी आहेत. बेरीज होते सुमारे १०५ गिगाबाइट. म्हणजे एक टेराबाइटच्या डिस्कचा जेमतेम दहावा हिस्सा. लग्नामुंजींची चलच्चित्रे असली तर जागा झपाट्याने भरते. एरवी आठ-दहा टेराबाइटची डिस्क घेण्याचे कारण नाही.

येथे एक शंका नेहमी विचारली जाते. एक टेराबाइट म्हणून आणलेली डिस्क विंडोज ९३१ गिगाबाइटच दाखविते, तेव्हा दुकानदाराने फसविले काय? नाही. बनविणारे दहाच्या पटीने मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या पटीने. माप निराळे, माल तोच.

आता तेच १०५ गिगाबाइट एका जागेवरून दुसरीकडे नेण्यास किती वेळ लागेल? मोठमोठ्या फायली सलग नेल्या तर, सेकंदाला १५० मेगाबाइट चालणाऱ्या फिरत्या डिस्कला सुमारे बारा मिनिटे, ५०० चालणाऱ्या साटा एस्.एस्.डी.ला साडेतीन मिनिटे, आणि ३,५०० चालणाऱ्या एन्.व्ही.एम्.ई.ला अर्धे मिनिट. जुन्या यू.एस्.बी.तून मात्र पन्नास मिनिटे. शिवाय दोन टोकांपैकी जे मंद, त्याच वेगाने सारे काम होते. एका बाजूला फिरती डिस्क असेल, तर दुसऱ्या बाजूच्या साडेतीन हजारांचा काही उपयोग नाही.

वर्षातून काही वेळा करावयाच्या कामात तीन मिनिटे आणि अर्धे मिनिट यांतला फरक मोठा नव्हे. संगणक चालू होण्याचा, कार्यक्रम उघडण्याचा वेग मात्र फिरत्या डिस्कवरून कोणत्याही एस्.एस्.डी.वर येताच इतका वाढतो की, जुने यंत्र नवे झाल्यासारखे वाटते. साटा एस्.एस्.डी.वरून एन्.व्ही.एम्.ई.वर गेल्याने घरच्या कामात तसा फरक जाणवत नाही. चलच्चित्रांचे संपादन करणाऱ्या तरुणांची गोष्ट वेगळी.

तर मग काय घ्यावे?

माझे मत असे. नवे यंत्र असेल आणि त्याची खाच एन्.व्ही.एम्.ई. समजत असेल, तर तीच एक टेराबाइटची घ्यावी. आज तिच्यासाठी वेगळी पायपीट करावी लागत नाही. सर्वांत नव्या पिढीची, सर्वांत वेगवान घेण्याची गरज नाही. यंत्र जुने असून साटाच असेल, तर अडीच इंची साटा एस्.एस्.डी. पुष्कळ झाली. एन्.व्ही.एम्.ई.वरून संगणक सुरू करणे जुन्या मदरबोर्डांपैकी अनेकांना जमतच नाही. तेथे हट्ट धरू नये. यंत्र फार जुने असेल, तर दोन टेराबाइटहून मोठ्या डिस्कवरून सुरू होणेही त्यास पुष्कळदा साधत नाही.

आणि मोठ्या साठ्यासाठी फिरती डिस्क अजून स्वस्त आणि उपयुक्त आहे. ती घेताना एक बारकावा पाहावा. काही डिस्कांत माहितीचे पट्टे कोकणातल्या घरावरील कौलांसारखे एकावर एक थोडे चढवून लिहिलेले असतात. त्याने जागा वाढते. पण मधले एक कौल बदलायचे तर पुढची सारी उचलावी लागतात, म्हणून पुन्हा लिहिणे मंदावते. या रीतीस एस्.एम्.आर्. म्हणतात. एकदा भरून ठेवण्याच्या प्रतीला ती चालेल. रोजच्या लिहिण्यापुसण्याला सी.एम्.आर्. लिहिलेली डिस्क घ्यावी.

फिरत्या डिस्का आज जगात सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा अशा तीनच कंपन्या बनवितात. यांतली कोणती कधीच मरत नाही, असे मला विचारू नका. तिघींच्याही मरतात. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. ती अधूनमधून जरूर पाहावी. परंतु गूगलच्या संशोधकांनी २००७ साली आपल्याकडील एक लाखाहून अधिक डिस्कांच्या अनुभवावरून दाखवून दिले की, निकामी झालेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक डिस्कांनी आधी कसलीही सूचना दिली नव्हती. कागद पिवळा पडतो, कसर लागते, आपल्याला दिसते. डिस्क सकाळी धडधाकट असते आणि संध्याकाळी नसते.

नवी वस्तू सदोष निघाली तर २०११ पासून लागू असलेल्या ऑस्ट्रेलियन ग्राहक कायद्याने आपल्याला दुकानदाराकडे दाद मागता येते, पावती जपावी. पण बदली मिळते ती रिकामी डिस्क. तिच्यात आजीचा आवाज नसतो.

दुसरी प्रत

म्हणून माझे खरे सांगणे डिस्कविषयी नसून प्रतीविषयी आहे. वेगात वाचविलेले पैसे दुसऱ्या प्रतीत घाला. एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरच्या फिरत्या डिस्कवर कपाटात, तिसरी दुसऱ्याच घरी. आग, चोरी, पूर आणि वीज यांना एकाच घरातल्या तीन प्रती म्हणजे एकच प्रत. दोन डिस्का एकाच पेटीत आरशासारख्या जोडण्याची जी युक्ती आहे, रेड नावाची, ती डिस्क मेल्यास उपयोगी. पण चुकून पुसलेले ती दोन्हीकडून पुसते. तिला दुसरी प्रत समजू नये. इंटरनेटवरील भाड्याची साठवण हीही एक चांगली प्रत आहे. मात्र भाडे चुकले की जागा जाते, हे ध्यानात ठेवून तिच्या एकटीवर विसंबू नये.

कपाटात ठेवलेली प्रत वर्षातून एकदा तरी उघडून पाहावी. जी उघडली नाही ती प्रत आहेच, असे कोणी सांगावे? आमच्या घरी आम्ही त्यासाठी २ नोव्हेंबर हा दिवस ठरविला आहे. १८३४ साली त्या दिवशी अ‍ॅटलस जहाज छत्तीस मजुरांना घेऊन पोर्ट लुईला लागले. ज्या ठिकाणी त्यांच्यामागून जवळजवळ पाच लाख माणसे उतरली, तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा ठरला. त्या दिवशी मुले डिस्क लावतात, चार चित्रे उघडतात, एक ओवी ऐकतात आणि डिस्क पुन्हा ठेवून देतात. दहा मिनिटांचे काम आहे.

जुनी डिस्क केराच्या टोपलीत टाकू नये. व्हिक्टोरियात १ जुलै २०१९ पासून विद्युत् उपकरणांचा कचरा कोणत्याही टोपलीत टाकण्यास बंदी आहे. तो वेगळ्या संकलन केंद्रावर द्यावा लागतो. देण्यापूर्वी तिच्यातील माहिती पुसावी, आणि पुसण्यापूर्वी प्रत झाली आहे याची खातरी करावी.

काकांचे उत्तर

आता काकांचे उत्तर. त्यांच्या घरी जाऊन मी त्यांचे यंत्र उघडून पाहिले. बारा वर्षांचे, एम्-टूची खाच नाही, साटाची चार तोंडे, त्यांतली दोन रिकामी. मी म्हटले, "काका, दुकानदाराला सांगा, अडीच इंची साटा एस्.एस्.डी., एक टेराबाइट. आणि यू.एस्.बी.च्या फिरत्या डिस्का दोन, दोन-दोन टेराबाइटच्या."

"दोन कशाला, बाई? एक पुरे ना?"

"एक तुमच्या कपाटात. एक मुलीकडे, जिलाँगला."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे लेकीकडे जायला आणखी एक निमित्त झालं."

त्यांच्या खापरपणजोबांचा तो कागद आज तीन ठिकाणी आहे. माझ्या आजीच्या उरलेल्या तीन ओव्याही आता तीन घरांत आहेत : एक माझे, एक माझ्या भावाचे आणि एक त्या मामेबहिणीचे, जिने त्या मागितल्या होत्या. गेलेल्या अकरा मला परत आणता येणार नाहीत. पण वाचकहो, आपल्या घरी अजून कोणी म्हणणारी असेल, तर तिच्यापुढे यंत्र ठेवा, तिला म्हणू द्या, आणि त्याच रात्री दुसरी प्रत करून दुसऱ्याच्या हाती द्या. डिस्क कोणती घ्यावी हा विचार दुसऱ्या दिवशी सावकाश करता येईल.